दहा बाय बाराच्या खोलीतली भट्टी

लाखनीहून आम्ही बोलतो आहोत. मागच्या भाषणानंतर दोघीतिघींनी विचारलं, "तुमच्या गटाच्या नानकटाया कुठल्या बेकरीत भाजून आणता?" बेकरीत नाही, असं सांगितलं तर पटेना. म्हणून आज त्या भट्टीचीच गोष्ट सांगायची ठरवली.

महामार्गापासून आत, दोन गल्ल्या सोडून एक भाड्याची खोली आहे. दहा फूट बाय बारा फूट. त्यात एक बाज, एक लोखंडी कपाट, बाजेखाली तांदळाच्या दोन चुंगड्या, भिंतीला मुलांची दप्तरं, एका कोपऱ्यात ओटा आणि त्यावर गॅस. गॅसपासून दोन हात लांब, लाकडी टेबलावर एक काचेच्या दाराचा डबा. जुन्या टीव्हीएवढा असेल. त्याच्या आत मागच्या बाजूला छोटा पंखा फिरतो. तो आमच्या गटाचा ओव्हन. आमच्या गटातली एक ताई तिथे राहते. घरमालकाच्या वहीत ती खोली 'किचनसह' अशी लिहिली आहे. किचन म्हणजे तो कोपरा.

आता, अशा खोलीत भट्टी येणं ही मोठी नवलाची गोष्ट वाटते. पण थोडं मागे गेलं तर कळतं की भाजायची विद्या आपल्याकडे नवी नाही. नवं काय, तर ती घरात आली हे.

आपल्या विदर्भातले रोडगे घ्या. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात घालायचे, वरून राख आणि निखारे सारायचे, आणि तासाभराने काढून फडक्यात घोळून राख झाडायची. शेतात, मारुतीच्या पारावर, महादेवाच्या नावाने रोडग्यांचं जेवण होतं ते अजून आपण विसरलो नाही. आपला भंडारा जिल्हा धानाचा, म्हणून गव्हाचे रोडगे इथे सणाचे. रोजच्यासाठी तांदळाचं पीठ. पलीकडे छत्तीसगडात अंगाकर रोटी करतात. तांदळाच्या पिठाचा जाड गोळा पळसाच्या पानांत वरखाली झाकून निखाऱ्यावर ठेवायचा. राजनांदगावकडून लाखनीत सून म्हणून आलेल्या आमच्या एक काकी अजून करतात. त्या म्हणतात, "पान जरला का समजाचा, आतला शिजला." पान हाच त्यांचा टायमर.

रोडगा असो की अंगाकर, त्यात एकच अक्कल आहे. तव्यावर उष्णता फक्त खालून लागते, म्हणून पोळी उलटावी लागते. निखाऱ्यात ती चारही बाजूंनी लागते, म्हणून जाड गोळा आतपर्यंत भाजतो. गोव्यात बेबिंका करतात तेही असंच, झाकणावर निखारे ठेवून एकेक थर वरून भाजायचा. जुन्या बायका पितळी पातेल्यावर ताट झाकून ताटावर निखारे ठेवत. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी सगळीकडे जायची, तेव्हा अशी जाड बुडाची पातेली घरोघर होती. खाली विस्तव, वर विस्तव. ओव्हन याहून वेगळं काही करत नाही.

पण हे सगळं अंगणातलं काम होतं. रोडग्यांची शेकोटी कोणी घरात पेटवत नाही.

भट्टीवर रोज पाव भाजायचा धंदा आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यात यीस्ट नव्हतं, तर माडाच्या सुरीने पीठ फुगवलं. तिथले पाववाले पोदेर पुढे मुंबईत गेले. नानकटाईचा मान सुरतेला देतात. डच व्यापाऱ्यांची तिथली भट्टी डोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि पुढे तिथे ही बिस्किटं होऊ लागली, असं सांगतात. 'नान' हा शब्द फारसी, रोटी या अर्थाचा. मग इराणी आले, त्यांनी मुंबई-पुण्यात बेकऱ्या टाकल्या. पुण्याच्या कॅम्पातली कयानी बेकरी १९५५ सालची. या सगळ्या भट्ट्या लाकडावर चालणाऱ्या, खोलीपेक्षा मोठ्या, आणि चालवणारे सगळे पुरुष. बाईचा संबंध एवढाच, की दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप डब्यात बांधून बेकरीत न्यायचं आणि नानकटाई भाजून आणायची. आमच्या वयाच्या बऱ्याच जणींनी लहानपणी तो पत्र्याचा डबा डोक्यावर किंवा सायकलच्या कॅरिअरवर आणला आहे. रांगेत उभं राहायचं, मजुरी द्यायची, आणि आपल्याच तुपातला थोडा भाग तिथेच राहिला की काय, असा संशय घरी येईपर्यंत आईच्या तोंडी. तो संशय खरा होता की नव्हता, देव जाणे. पण तूप आपलं आणि भट्टी दुसऱ्याची, यातून तो यायचाच.

घरात मात्र चूल होती, आणि चुलीचा धूर.

इथे जरा थांबतो, कारण आमच्या दृष्टीने ओव्हनचा इतिहास हा मुळात धुराचा इतिहास आहे. कवेलूच्या घरात धूर कवेलूंच्या फटींतून हळूहळू वर निघून जायचा. भिंती काळ्या व्हायच्या, डोळे चुरचुरायचे, पण वाट होती. पुढे टिनाची आणि स्लॅबची घरं आली. पाणी गळायचं थांबलं, आणि धूर जायचाही थांबला. चूल तीच राहिली. आमच्याकडे घरोघर बायका विड्या वळत. भंडारा-गोंदिया भाग विड्यांसाठी प्रसिद्ध होता. म्हणजे एकाच खोलीत चूल, तेंदूपानाचं सूप, तंबाखूची धूळ आणि पाळण्यातलं लेकरू. ज्या ताईच्या खोलीत आज ओव्हन आहे, तिच्या आईचं आयुष्य अशाच खोलीत गेलं. शेवटची सहा-सात वर्षं ती बसल्या बसल्या धापा टाकायची. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी पितात का?" ताई म्हणाली, "पीत नाही जी, वळते. आन् चूल फुंकते."

धुराकडे लक्ष गेलंच नव्हतं असं नाही, आणि ते आपल्या शेजारच्या वर्ध्यात आधी गेलं. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं ठिकाण वर्ध्याची मगनवाडी, आणि काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा. अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबर चुलीचाही विचार करत होता. तिथून पुढे 'मगन चूल' निघाली. मातीचीच चूल, पण एका जाळावर दोन-तीन भांडी, आणि धूर नळीने छपराबाहेर. नंतर सरकारनेही १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. इंदिरा आवासच्या घरकुलात निर्धूर चूल असावी असं लिहून आलं. गावोगाव चुली बसल्या. पण नळी काजळीने बुजली की ती साफ कोण करणार? छपरावर चढायचं काम बाईचं नव्हे, आणि बाप्याला धूर लागत नव्हता. वर्षा-दोन वर्षांत नळ्या पडल्या आणि बाया पुन्हा जुन्या चुलीवर बसल्या. २००२ साली तो कार्यक्रम केंद्राने बंद केला. आमच्या मते चूल नापास झाली नव्हती. साफसफाईचा माणूसच कोणी ठरवला नव्हता.

त्याच काळात कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकी संशोधकाने गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर धूर मोजायची यंत्रं लावली. १९८३ साली ते आकडे छापून आले. तोवर प्रदूषण म्हटलं की गिरणीची चिमणी आणि मोटारी डोळ्यांपुढे यायच्या. स्वयंपाकघर हे मोजायचं ठिकाण आहे, हे तेव्हा जगाला समजलं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं अकाली गेली. त्यात बायका आणि लहान मुलं खूप.

शहरातल्या लहान खोल्यांची कथा वेगळी. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसं, एक मोरी, एक माळा. तिथे चूल कुठे मांडणार? शेगडी आली, कोळशाची. ती पेटेपर्यंत गॅलरीत ठेवायची, मग आत. एकट्या नोकरदाराच्या खोलीसाठी कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर काढला. खाली थोडे निखारे, वर डब्यांची उतरंड, भात-वरण-भाजी एकदम वाफेवर. सकाळी लावून जायचं, आल्यावर जेवायचं. मराठी घरांतही तो पोचला. लहान जागेतल्या स्वयंपाकाचा एवढा चांगला विचार त्याआधी कोणी केला असेल असं वाटत नाही. मात्र तो विचार बिऱ्हाडातल्या एकट्या पुरुषासाठी झाला होता. घरात बाई असली की तिच्या वेळेचा आणि दमाचा हिशेब कोणी करत नसे.

मग स्टोव्ह. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ साली पंपाचा स्टोव्ह काढला, आणि पुढे पन्नास-साठ वर्षांत तो आपल्या प्रत्येक लहान घरात आला. पिन मारायची, पंप मारायचा, फर्रर्र आवाज. आपल्याकडे 'मातीचं तेल' म्हणतात, त्याच्या रांगा सगळ्यांना आठवत असतील. १९७२-७३ च्या महागाईत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर बायकांनी महागाई प्रतिकार समिती केली आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे काढले, तेव्हा धान्य आणि तेलासोबत रॉकेलचीही मागणी होती. चूल विझली तरी बाईला रस्त्यावर यावं लागतं, हे त्या वेळी दिसलं.

पण स्टोव्हचं नाव घेतलं की दुसरं काही आठवतं. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली.' ही बातमी १९८० च्या आसपास इतकी रोजची झाली, की वाचणाऱ्याला नवल वाटेना. गंमत अशी, गंमत कसली, की भडका फक्त सुनेच्या अंगावर यायचा, सासूच्या नाही. बायकांच्या संघटनांनी हे बोलून दाखवलं, निदर्शनं केली, आणि १९८३ साली छळाविरुद्ध ४९८-अ हे कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं कलम. स्वयंपाकाच्या साधनामुळे देशाचा फौजदारी कायदा बदलायची वेळ यावी, हे दुसरीकडे कुठे झालं असेल का? खूप घरांत खरेच अपघातही झाले, बारीक जागेत लुगड्याचा पदर पेटून. दोन्ही गोष्टी एकाच स्टोव्हच्या आड लपल्या.

गॅस सिलिंडर मुंबईत बर्मा शेल कंपनीने १९५५ साली आणला. १९५९ साली प्रेशर कुकर भारतात बनू लागले. लाखनीसारख्या गावात या दोन्ही गोष्टी पोचायला किती काळ लागला, ते तुम्हालाच ठाऊक. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतात शंभरापैकी जेमतेम ११ घरांत गॅस होता आणि ६२ घरांत लाकूड. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा आमच्या गटातल्या निम्म्या जणींना पहिला सिलिंडर मिळाला. तो दुसऱ्यांदा भरून आणणं हा वेगळा प्रश्न, त्यावर स्वतंत्र भाषण करावं लागेल. पाहुणा आला की गॅस आणि रोजच्याला चूल, हे अजून कितीतरी घरांत आहे.

आणि ओव्हन? तो आधी सुशिक्षित शहरी घरांत आला, गोल ॲल्युमिनियमचा. खाली कॉइल, झाकणाला काचेची खिडकी, ना बटण ना काटा. प्लग लावला की सुरू, काढला की बंद. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, ते वाटी-चमच्याच्या मापाने. तोळे-शेर जाऊन घरातली वाटी हेच माप झालं आणि नव्या नवऱ्या एकट्या बिऱ्हाडात पुस्तक उघडून स्वयंपाक करू लागल्या. अशा घरांत हा गोल ओव्हन वाढदिवसाच्या केकसाठी माळ्यावरून उतरायचा. आमच्या गटातल्या एक मावशी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत घरकामाला जायच्या. त्या सांगतात, "बाईसाहेब केक करत, आन् मी खिडकीतून पाहत बसो. फुगला का सांगत जा म्हनत." खालून करपायचा आणि वरून पांढरा राहायचा, ही त्या ओव्हनची कायमची तक्रार. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांनी कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी आणि रबर काढून केक केले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लाखनीतही घरोघर हेच चाललं होतं, फोनवर बघून.

पंख्याच्या ओव्हनचा जन्म मात्र विमानासाठी झाला. १९४५ साली, दुसरं महायुद्ध संपता संपता, विल्यम मॅक्सन या अमेरिकी माणसाने दूरच्या पल्ल्याच्या विमानांतल्या सैनिकांना गरम जेवण मिळावं म्हणून एक छोटा ओव्हन केला. गोठवलेली ताटं आत ठेवायची आणि पंख्याने गरम हवा फिरवायची. विमानात जागा कमी, वेळ कमी, वीज कमी. म्हणजे आपल्या ताईच्या खोलीसारखंच. मॅक्सन १९४७ साली वारला. त्याची कल्पना पुढे मोठ्या बेकऱ्यांत गेली, मग घरांतल्या टेबलावर आली. हल्ली जो एअर फ्रायर दाखवतात, २०१० साली बाजारात आलेला, तोही याच कुळातला. त्यात तळत नाहीत, जोराच्या गरम हवेत भाजतात. नाव फ्रायर.

पंख्याने काय होतं, ते आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं, करून कळलं. कच्च्या नानकटाईभोवती ओलसर, जराशी गार हवा पांघरुणासारखी राहते. साध्या ओव्हनमध्ये ती तिथेच बसते. पंखा ती हटवतो, म्हणून भाजणं लवकर होतं. साध्या ओव्हनला १८० अंश लागतात तिथे याला १६० पुरतात. आम्ही पहिल्या दिवशी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे १८० वर ठेवलं आणि पहिला घाणा कोळसा झाला. एक किलो तुपाचा नास. गटाच्या वहीत तो 'शिकणे' या नावाखाली लिहिलेला आहे.

ओव्हन घ्यायचा ठराव सोपा नव्हता. मासिक सभेत दोन बैठका वाद झाला. एक जण म्हणाली, शिलाई मशीन घ्या, निदान सगळ्यांना येते. दुसरी म्हणाली, धुराबिगर चव येते का जी? शेवटी हिशेब मांडला. दिवाळीत बाहेर भाजून घ्यायला जी मजुरी जाते, तीच आपण घेतली तर किती? अंतर्गत कर्जातून ओव्हन आला. तो कोणाकडे ठेवायचा, यावर तिसरी बैठक. स्वतःचं घर असलेल्यांच्या घरी जागा होती, पण तिथे सासरे, दीर, 'आमच्या मीटरवर नको'. भाड्याच्या खोलीतल्या ताईने हात वर केला. तिला विड्या सोडायच्या होत्या. तिचा श्वास आता आईसारखा लागायला लागला होता.

पहिल्याच महिन्यात आमच्या हातून चूक झाली. खोलीतला प्लग बारीक, पाच-सहा अँपिअरचा. आम्ही बाजारातून एक्स्टेन्शन बोर्ड आणून लावला. ओव्हन १५०० वॅटचा. २३० व्होल्टने भागा, साडेसहा अँपिअर येतात. म्हणजे बोर्डाच्या ताकदीपेक्षा जास्त, आणि तासभर सलग. तिसऱ्या घाण्याला वास आला. नानकटाईचा नव्हे. बोर्ड वितळून टेबलाला चिकटला होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर गॅसची नळी. मुलं बाजेवर झोपलेली. त्या रात्री आम्हा कोणालाच झोप लागली नाही. स्टोव्हच्या बातम्यांबद्दल आता एवढं बोललो, त्याचं कारण हे. नंतर वायरमन बोलावून १६ अँपिअरचा पॉवर प्लग, जाड वायर आणि अर्थिंग केलं. हे आधी करायला हवं होतं आणि त्याचा खर्च कर्जाच्या अर्जात धरायला हवा होता. धरला नव्हता, कारण ओव्हनच्या खोक्यावर तो छापलेला नसतो.

मग घरमालक. बिल वाढलं म्हणून त्यांनी भाडं वाढवायला काढलं, वाढलेल्या बिलाच्या दुपटीने. भांडून उपयोग नव्हता. आम्ही त्या प्लगला वेगळा सबमीटर लावला आणि महिनाभर रोजचं वाचन वहीत लिहिलं. ओव्हन पूर्ण तासभर सलग तापला तर दीड युनिट. पण एकदा तापला की तो मधून मधून बंद-सुरू होतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. वही त्यांच्यापुढे ठेवली. ते दोनदा चष्मा पुसून बघत बसले आणि म्हणाले, "एवढाच का?" तेव्हापासून ते युनिटाप्रमाणे पैसे घेतात. एवढंच नाही, त्यांच्या घरच्या लग्नाची पहिली मोठी ऑर्डर त्यांनीच दिली.

लहान खोलीत ओव्हन ठेवणाऱ्यांना दोन-चार गोष्टी सांगतो. भिंतीपासून चार बोटं नाही, चांगली वीतभर जागा सोडा, मागून गरम हवा येते. वर प्लास्टिकचा कागद, कॅलेंडर, पडदा काही नको. गॅस आणि ओव्हन एकाच ओट्यावर नको. पंखा असला तरी छोट्या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते, म्हणून अर्ध्या वेळी ट्रे फिरवून ठेवा. तांदळाचं पीठ एकटं बांधून येत नाही, नानकटाई हातात घेताच भुगा होते. आम्ही दोन वाट्या मैद्याला एक वाटी तांदळाचं पीठ धरतो, त्याने खुसखुशीत होते आणि डब्यात टिकते. आणि मे महिन्यात दुपारी भाजू नका. बाहेर ४५ अंश असताना त्या खोलीत काय होतं, ते आम्ही एकदा बघितलं. ताई आता उन्हाळ्यात पहाटे चारला उठून दार उघडं ठेवून भाजते, सहाला बंद. झोप जाते. हे आम्हाला पटत नाही, पण दुसरी वाट अजून सापडली नाही. नव्या घरकुल योजनेत २५ चौरस मीटर जागा आणि त्यात स्वयंपाकाची वेगळी जागा धरली आहे. ताईचं नाव यादीत आहे. यादी कुठे आहे, ते विचारू नका.

आम्ही एकमेकींना सांगत होतो की आता धूर गेला. मग आमच्यातल्याच एका कॉलेजला जाणाऱ्या मुलीने विचारलं, "गेला म्हणजे कुठं गेला?" खरंच आहे. वीज येते कुठून? कोराडीहून, तिरोड्याहून. कोराडीचं केंद्र १९७४ पासून चालू आहे. कोळसा विदर्भातला, राखही विदर्भातच पडते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्याच विदर्भातल्या खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन होतं. तेव्हा हा ओव्हन आणला असता तर टेबलावर फुलदाणी ठेवायला उपयोगी पडला असता. म्हणजे धूर ताईच्या छातीतून निघून कोराडीच्या चिमणीवर गेला. तिथेही कोणाचं तरी लेकरू राहतं. तरीही बंद खोलीत, हातभर अंतरावरून रोज तीन तास धूर पिणं आणि उंच चिमणीतून तो दूर जाणं, यात फरक आहे, आणि आम्ही ताईच्या बाजूने आहोत.

मुंबईतही हाच प्रश्न आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं. शंभर-शंभर वर्षांच्या भट्ट्यांवाले म्हणाले, लाकडाशिवाय पावाला चव येणार नाही. आम्ही ती बातमी सभेत वाचली तेव्हा सगळ्या जणी हसल्या, कारण आमच्या सभेतलं वाक्य शब्दाला शब्द तेच होतं.

राजनांदगावच्या काकींनी परवा एक प्रयोग केला. अंगाकरचा गोळा पळसाच्या पानात बांधून ओव्हनमध्ये ठेवला, १६० वर, पंखा लावून. पान काळं झालं नाही, नुसतं वाळलं. काकी दार उघडून बघत राहिल्या, कारण पान जळल्याशिवाय त्यांना कळेना की शिजलं की नाही. शेवटी ताईने सुई टोचून बघितलं. शिजलं होतं. चव? काकी म्हणाल्या, "चांगला हाय. पन इस्तवाचा वास नाही." खोलीतली बाकी सगळी माणसं मात्र खाऊन मोकळी झाली.

तान्ह्या पोळ्यासाठी सध्या चार शाळांची ऑर्डर आहे, पोरांच्या बोजाऱ्यात पैशाबरोबर दोन-दोन नानकटाया. ओव्हनचं कर्ज दोन हप्ते बाकी आहे. ताईने विड्या सोडल्या आहेत, दम्याचा पंप अजून चालू आहे. तिने ओव्हनच्या बटणावर १६० च्या आकड्यापाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे, म्हणजे पहाटे चष्मा शोधावा लागत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुना गोल ओव्हन, इकमिक कुकर किंवा मगन चुलीचा फोटो असेल तर केंद्रावर निरोप द्या. आम्ही बघायला येऊ, येताना डबा आणू.